बेलिफकाकांचा शेवटचा तपास

बेलिफकाका माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. बघत ते पायांकडे. लग्न होऊन मी कराडात त्यांच्या शेजारी आले आणि नमस्काराला वाकले, तर आशीर्वादाऐवजी प्रश्न आला, "डावी टाच घासतेस. माहेराहून निघताना रडलीस का गं?" रडले होते. पण त्याचा टाचेशी काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही.

काकांचा जन्म कोर्टाची समन्सं बजावण्यात गेला. आतून बायको "घरात नाहीत" म्हणाली, की हे दारातल्या वहाणा बघत आणि ओट्यावर बसकण मारत. "वहाण खोटी साक्ष देत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी आळीतल्या चोऱ्या शोधायचा उद्योग काढला, आणि त्यात भागीदार कोण, तर त्यांची बायको, राधाकाकू! बाहेरचं काका बघणार, आतलं काकू.

सोनारांचं घंगाळ गेलं, तेव्हा काका छत्रीच्या टोकानं चिखलातले ठसे मापत बसले. काकू हळदीकुंकवाच्या निमित्तानं घरोघरी फिरल्या. संध्याकाळी ओट्यावर काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मग, काय निघालं?" दोघांनी आपापलं सांगितलं आणि चोर म्हणून निघाली सोनारांची आईच! लेकीच्या बाळंतपणाला तिनं ते गुपचूप धाडलं होतं. त्या घरातलं भांडण पार संगमापर्यंत ऐकू गेलं. इकडे हे दोघं मात्र लेकीचं लग्न लावून दिल्यासारखे खूश.

पुढे बेचाळीसची चळवळ पेटली. तारा तुटल्या, धरपकड सुरू झाली. एका दुपारी हवालदार काकांकडे आला. "आवं बेलिफकाका, वडूजकडचा एक मास्तर फरारी हाय. ह्याच आळीत शिरलाय म्हंत्यात. पायांची पारख तुमच्यावानी कुणाला न्हाई." काकांची छाती फुगली. छत्री घेऊन ते हवालदाराबरोबर घरोघरचे उंबरे तपासत निघाले.

मी नेमकी तेव्हाच काकूंकडे विरजण मागायला गेले. स्वयंपाकघरात डोकावले आणि जागीच थिजले. चुलीमागच्या सरपणात चिखलानं भरलेल्या जाडजूड वहाणा! ज्या स्वयंपाकघरात सोवळ्याशिवाय काकांनाही मज्जाव, तिथं चुलीपाशी वहाणा! पण दारात ठेवल्या असत्या, तर काकांनी त्या वाचल्या असत्या. काकू कुजबुजल्या, मास्तर त्यांच्या माहेरचा आहे, वर माळ्यावर बसलाय. काकूंनी तोंडावर बोट ठेवलं.

तेवढ्यात काका हवालदाराला घेऊन आलेच. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काकांची नजर आधी सरपणाच्या ढिगावर आणि मग खाली गेली. सकाळी सारवलेल्या ओल्या जमिनीवर मोठं अनवाणी पाऊल उमटलं होतं. काका पुढे झाले, बरोबर त्या पावलावर उभे राहिले आणि धोतराचा सोगा सोडला.

"आत सोवळं आहे, हवालदार. आणि आळीत परका पाय नाही. माझा शब्द."

हवालदार गेला. काकूंचा जीव वाचला, मास्तरचाही. काकूंना वाटलं, यांना काहीच दिसलं नाही.

त्या दिवसापासून काकांनी तपास सोडला. "नजर अधू झाली," म्हणायचे. काकूंनी "काय निघालं?" विचारलं, की उठून आत जायचे. नवऱ्याला फसवल्याचं ओझं काकूंच्या चेहऱ्यावर दिसायचं. मला वाईट वाटायचं. पण नवराबायकोच्या मध्ये मी कोण?

स्वातंत्र्य आलं, तेव्हा काकू नव्हत्या. झेंडा बघून येताना काका मला म्हणाले, "शेवटच्या आजारात ती म्हणाली, 'तुम्हांला एक सांगायचंय.' मास्तर तेव्हा अजून फरारीच होता. दाराबाहेर कोण ऐकतंय, काय भरवसा? मी म्हटलं, 'बरी झालीस की सांग.'" त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मला ठाऊक होतं गं. एवढं तिच्या कानात सांगायला काय झालं होतं मला?"

घरी आल्यावर ते ओट्यावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"जरा विचार ना मला. ती विचारायची तसं."

मी ओट्याच्या पायरीवर टेकले. आणि विचारलं, "मग, काय निघालं?"

काका सांगू लागले. सरपणाच्या ढिगापासून, चिखलापासून, ओल्या पावलापासून, सगळं अगदी क्रमानं. पण सांगत होते ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून.