न गळणारी पेटी

माझ्या नवऱ्याचे कोरे बूट जिन्यात होते. वरच्या मजल्यावरच्या तात्यांनी त्यातल्या एकात तांब्याभर पाणी ओतलं आणि बूट उंच धरून खालून निरखत बसले. "शिवण चांगली हाय," म्हणाले. नवरा हसला. मला काही हसू आलं नाही, बूट वाळत घालायचे कुणी?

तात्या मूळचे पळसदेवचे. उजनीच्या पाण्यावर चालणाऱ्या होड्या बांधण्यात त्यांचा जन्म गेला. काकू गेल्यावर मुलानं त्यांना बारामतीत आणलं आणि माझ्या डोक्यावर बसवलं. बादली असो, डबा असो, नवी वस्तू दिसली की यांचा एकच प्रश्न, "पाणी भरून बघितलं का?" मुलीचं नवं दप्तर मी कपाटात कुलपात ठेवलं होतं.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवर मोगऱ्यासाठी लाकडी पेटी करायला घेतली. ऐन दुपारी ठोकाठोक. फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा, वरून डांबर. माझ्या कुरडया शेजारीच वाळत होत्या, त्यांना डांबराचा वास लागला. असं डोकं फिरलं म्हणून सांगू.

पेटी झाली. थेंब गळेना. तात्या खूश, मोगरा मात्र पिवळा पडायला लागला. तहानला असेल म्हणून तात्या आणखी पाणी घालायचे.

"तात्या, मुळं कुजतायत. खाली भोक पाडा."

"तळाला भोक? पलीकडं जाईल का असली होडी?"

"तिला जायचंय कुठं?"

एका सकाळी पानं गळालेली दिसली आणि माझा तोल सुटला. "मारताय तुम्ही त्याला. आपल्या हातानं मारताय."

तात्या खाली बसले. "हिनं दारात लावला हुता. तिकडनं एवढाच आणलाय मी." मग हळूच म्हणाले, "तूच पाड बाई भोक. माझ्या हातानं व्हायचं न्हाय."

मी घरातून ड्रिल आणलं. तात्या पाठ करून उभे राहिले. तळालगतच्या फळीला आरपार भोक पडलं आणि गढूळ पाण्याची धार लागली. आवाज ऐकला मात्र, म्हातारा गर्रकन वळला आणि त्यानं भोकावर तळहात दाबून धरला.

"तात्या, हात काढा."

"व्हय, काढतो." पण हात काही निघेना. बोटांच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. "ती म्हणायची, तुमच्या होडीत माझा पाय कधी वला झाला न्हाय."

मग त्यांनी हात काढला.

पाणी गच्चीभर पसरत माझ्या नव्या कुरडयांखाली शिरलं. मला दिसत होतं. मी त्या उचलायला गेले नाही.