शमुवेलकाकांची गुरुवारची शिफ्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. माझ्या वडिलांचे, दादांचे, पाय मी कधी हातात घेतले नाहीत. किळस यायची. दादांना वाकता येईना, नखं शिंपल्यासारखी जाड आणि पिवळी झालेली. ती कापायचे शमुवेलकाका.

शमुवेलकाका भेटले की आधी तुमच्या पायांकडे बघतात. चेहरा नंतर, वेळ उरला तर. रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत ते फिटर होते. निवृत्त झाले, मार्थाकाकू गेल्या, आणि त्यांनी हा उद्योग सुरू केला. ज्या म्हाताऱ्यांना वाकता येत नाही त्यांचे पाय धुवायचे, नखं कापायची, टाचांना खोबरेल लावायचं. दर गुरुवारी. फर्स्ट शिफ्ट रोह्यात, सेकंड शिफ्ट पेणला आमच्याकडे. गाडीत मांडीवर प्लास्टिकचा टब घेऊन बसायचे.

एकदा शेजारच्या बाईने विचारलं, "काय काका, कोलंबी हाय का?"

"नखं हायेत. देऊ पावशेर?"

ती बाई पुढच्या स्टेशनपर्यंत दाराशी उभी राहिली.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मी त्यांना एकदा घेऊन गेलो होतो. लोक मूर्तीचे डोळे बघतात. हे खाली फतकल मारून बसले. रंगकाम करणाऱ्याला म्हणाले, "नखं एक नंबर! याच्या घरात बघणारं कुणीतरी हाय." तो हसला. मीही हसलो. तेव्हा नुसताच विनोद वाटला होता.

खाडीकाठच्या एका आजीकडेही ते जायचे. तिचा जन्म मिठागरात गेलेला, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. ती ओरडायची, "हळू रं मेल्या! बोटं हायेत ती, भेंडी नाय!"

"गप गो. भेंडी बरी, आवाज नाय करत."

कुणी आभार मानले की काका चिडायचे. "उपकार नाय, औषध हाय. माझं औषध!" त्याचा खुलासा त्यांनी मला एकदाच केला. काकू गेल्यावर त्यांना ना जेवण जाई ना झोप येई. डॉक्टरांच्या गोळ्यांनी नुसती जीभ कोरडी पडायची. असेच एकदा आमच्याकडे आले असताना त्यांनी दादांचा पायमोज्यात अडकलेला अंगठा बघितला आणि कटर मागितला. "तुझ्या बापाच्या नखांनी झोपवला मला. स्वतःचं दुःख छातीत असतं, प्रकाश. दुसऱ्याच्या पायाशी बसलं की ते जरा खाली उतरतं. शिष्यांचे पाय धुवायला प्रभूने काय उगाच टॉवेल बांधला कमरेला?"

मी मान हलवली. चर्चच्या उपासनेत बायबलातला हा धडा मीच कितीदा वाचून दाखवला होता. पण गुरुवारी काकांचा टब दारात दिसला की मला हटकून बाजारात काम निघायचं.

एकदा पिशवी विसरली म्हणून जिन्यातून परत फिरलो. आतून हसण्याचा आवाज. दादांचा! आमचे दादा, ज्यांच्यापुढे आम्ही मोठ्याने जेवतसुद्धा नव्हतो, खिदळत होते. "शमुवेल, पुरे, गुदगुल्या होतात!" डेटॉलचा आणि खोबरेलाचा वास जिन्यापर्यंत आला होता. माझ्या बापाला गुदगुल्या होतात हे मला बाहेर उभं राहून कळलं. पिशवी न घेताच मी खाली उतरलो.

दादा गेले. काका खाडीकाठच्या आजीसाठी येत राहिले, जाताना आमच्याकडे चहाला थांबत राहिले. यंदा गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आले तेव्हा लंगडत होते. भर उन्हाळ्यातही त्यांच्या पायात बूट आणि मोजे असतात, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

"काका, बूट काढा."

"काय नाय रे. गाडी चुकेल माझी."

"काढा."

"माझ्या पायांना कुणी हात लावायचा नाय!"

"प्रभू पाय धुवायला बसला तेव्हा पेत्रही असंच म्हणाला होता, काका."

मग त्यांनी हळूच उजवा पाय पुढे केला. मी मोजा काढला. नखं वाढून वळली होती, अंगठ्याचं तर मांसात शिरलं होतं. अख्ख्या तालुक्याची नखं कापणारा हा माणूस.

"स्वतःच्या पायापर्यंत वाकता येत नाय," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मार्था कापायची."

त्यांचाच टब घेतला, त्यांचाच कटर. पाय मांडीवर घेऊन अंगठ्यापासून सुरुवात केली. "हळू रे, भेंडी नाय ती," ते म्हणाले. तेल लावून होईतो गाडीची वेळ झाली. ते एका पायात मोजा नसतानाच बूट घालून उठले. "दुसरा पुढच्या शिफ्टला."

ते गेल्यावर मी टबातलं पाणी मोरीत ओतलं. हातांना खोबरेलाचा वास येत होता. ते धुवावेसे वाटेनात. दादांची आठवण आली आणि पहिल्यांदाच ती नुसती आठवण होती, टोचणी नव्हती.

पुढच्या गुरुवारी काका आले नाहीत. फोनवर म्हणाले, ताप हाय, बघू. या गुरुवारी मीच टब घेऊन रोह्याला चाललो आहे.

दादांच्या दोन्ही पायांचं देणं आता माझ्याकडून कधीच फिटणार नाही. काकांचा डावा मात्र अजून बाकी आहे.