मास्तरांचा उजवा पाय

बबडीचा फॉर्म जवळजवळ भरून झाला होता. घोडं अडलं होतं ते दोनच ठिकाणी. एक म्हणजे निबंध : 'महाविद्यालयीन जीवनासाठी तुम्ही स्वतःची तयारी कशी केली? पाचशे शब्दांत लिहा.' आणि दुसरं म्हणजे पालकांची सही. निबंध बबडीला सुचत नव्हता आणि सही तिच्या वडिलांना सुचत नव्हती. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाच्या आत फॉर्म गेला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती. त्या कॉलेजचं चित्र बबडीने दोन वर्षं कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं. कॉलेज बसने नऊ तास लांब होतं. घरात मात्र नऊ तासांतला एकेक तास वेगळा मोजला जात होता.

बबडीच्या वडिलांना सगळे मास्तर म्हणत. पण ते शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी चालवायला शिकवणारे. बावीस वर्षं ते शिकाऊ माणसांच्या शेजारी बसत आले होते. त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. समोर काही बिघडतंय असं वाटलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. गाडीत त्याने गाडी थांबायची. घरात नुसतीच फरशी दाबली जायची, पण सवय ती सवय. दूध उतू जायला लागलं, बायको स्टुलावर चढली, टीव्हीत कुणी कड्यावरून वाकून पाहिलं, की मास्तरांचा पाय खाली. त्यांच्या चपलांच्या जोडातली उजवी नेहमी आधी झिजायची.

"बाबा, सही."

"बघू."

"'बघू' लिहायला तिथे जागा नाहीये."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्याचा अर्थ ते काहीतरी ठरवून बसले होते. "हे बघ बबडे, ट्रायल घेतल्याशिवाय मी कुणालाही रस्त्यावर सोडत नाही. तू आठवडाभर गच्चीवरच्या खोलीत राहायचं. ते तुझं हॉस्टेल. स्वतः उठायचं, स्वतः रांधायचं, स्वतः धुवायचं. फोन खाली कपाटात. पास झालीस तर पुढच्या रविवारी सही."

"आणि नापास कधी?"

"परीक्षेत माझा पाय ब्रेकवर गेला की शिकणारा नापास. इथेही तेच. आम्हाला मध्ये पडावं लागलं, की तू नापास."

"आणि आपणच उगीच मध्ये पडलो तर?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. आई एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायची. तिचं साधं विचारणंसुद्धा दोन घरं पलीकडे कळायचं.

"आपण कशाला पडू?" मास्तर म्हणाले. त्यांनी वहीचं पान आडवं धरून रकाने आखायला घेतले : उठणे, जेवण, कपडे, अभ्यास, एकटेपणा.

रविवारी संध्याकाळी बबडी गादी, टेबलावरचं घड्याळ आणि एक लहान शेगडी घेऊन वर गेली. घराबाहेरून जिना होता, बावीस पायऱ्यांचा. वर पोचल्या पोचल्या तिने निबंधाची पहिली ओळ लिहिली : 'लहानपणापासूनच मी अत्यंत स्वावलंबी आहे.' मग तिला आठवलं, की गादी आईने वर आणून दिली होती. तिने ओळ खोडली.

सोमवार बरा गेला, म्हणजे ती पाव खाऊन राहिली. मंगळवारी तिने भात लावला आणि निबंधाचा विचार करत बसली. विचार काही शिजला नाही, भात मात्र शिजण्याच्या पुष्कळ पुढे गेला. धूर खिडकीतून निघाला आणि सरळ खाली आईच्या नाकात शिरला.

"अहो, जळतंय."

"जळू दे." मास्तर शांतपणे म्हणाले. टेबलाखाली त्यांचा पाय फरशीत रुतला होता.

आई नियमाने बांधलेली होती, पण शेजारची काकू नव्हती. आईने कुंपणावरून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. पाच मिनिटांत काकू चाळणी मागायला वर हजर. ज्या मुलीकडे एकच पातेलं होतं आणि तेही काळं झालेलं, तिच्याकडे चाळणी कशी असेल, हा प्रश्न काकूला पडला नाही. ती बसली. तिने आपल्या भाचीच्या हॉस्टेलची हकीकत सांगितली, मग भाचीच्या लग्नाची, मग भाचीच्या सासूच्या गुडघ्यांची. दोन तासांनी ती उठली तेव्हा बबडीचा अभ्यास बुडाला होता आणि भात पातेल्यासकट गच्चीच्या कोपऱ्यात गेला होता.

"कशी आहे?" आईने खाली काकूला विचारलं.

"मजेत आहे की! किती छान गप्पा मारते."

बुधवारी घड्याळाने घात केला. बबडीला सकाळी उठवणं हा आजवर सगळ्या घराचा उद्योग होता. मास्तरांना काळजी वाटली. मंगळवारी संध्याकाळी बबडी नळावर कपडे धूत असताना ते पाण्याची टाकी बघायच्या निमित्ताने वर गेले आणि हळूच घड्याळ अर्धा तास पुढे करून आले. थोड्या वेळाने आई वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने वर गेली. तिनेही अर्धा तास पुढे केलं. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही, कारण नियम दोघांनाही पाठ होता. बबडी स्वतःला चांगली ओळखून होती. झोपण्याआधी तिनेही काटा अर्धा तास पुढे सरकवला.

गजर सहाला झाला. ती शहाण्या मुलीसारखी उठली, आवरलं, दप्तर घेतलं आणि शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. फाटक बंद. आत रखवालदार बाकावर पांघरूण घेऊन आडवा. त्याने एक डोळा उघडला.

"काय गं? काल घरी गेलीच नाहीस का?"

त्या संध्याकाळी खाली वही उघडली गेली. "वेळेआधी दीड तास शाळेत गेली म्हणे," मास्तर म्हणाले. "ही चूक धरायची का?"

"नको," आई जरा जास्तच घाईने म्हणाली.

"माझंही तेच मत," मास्तर म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

गुरुवारी मास्तरांच्या मनात आलं, की गच्चीवरच्या खोलीची कडी जुनी आहे. कुणी हिसका दिला तर निघेल. त्यांनी दुपारचे दोन विद्यार्थी पुढे ढकलले, बाजारातून दार लोटताच आपोआप लागणारं नवं कुलूप आणलं आणि बबडी शाळेत असताना घाईघाईने बसवलं. टेबलावर किल्ली आणि चिठ्ठी ठेवली : 'नवीन कुलूप. सुरक्षेसाठी. हे मदतीत धरू नये.'

बबडी परत आली, मूठ फिरवून आत शिरली आणि दार लोटलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आतल्या बाजूला मूठच नाही. आत किल्लीचं भोक होतं. मूठ होती बाहेर. मास्तरांनी कुलूप उलटं बसवलं होतं. जो माणूस ट्रायल घेतल्याशिवाय कुणाला गल्लीच्या तोंडापर्यंतही गाडी नेऊ देत नव्हता, त्याने कुलपाची ट्रायल घेतली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तक्रार करावी तर 'मध्ये पडावं लागलं' असं होणार. म्हणून बबडीने किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. मग तिने विचार केला : या खोलीत कुणीही येऊ शकतं, पण किल्ली नसलेल्याला बाहेर पडता येत नाही. म्हणजे चोर आलाच तर तो इथेच सापडेल. एवढ्या विचारावर ती गाढ झोपली.

शुक्रवारी तिचा पांढरा सदरा लाल मोज्याबरोबर धुतला जाऊन गुलाबी झाला. शनिवारी तो दोरीवर पुन्हा पांढराशुभ्र दिसला. बबडीने सदरा हुंगला. आईचा साबण. तिने एक कागद घेतला आणि त्यावर काहीतरी टिपून ठेवलं.

रविवार उजाडला. निबंधाच्या अकरा सुरुवाती खोडून झाल्या होत्या आणि बारावी अजून जन्माला यायची होती. जेवण होताच काकू पुन्हा चाळणीच्या शोधात जिन्यावर दिसली, तशी बबडी फॉर्म आणि कोरे कागद घेऊन वाचनालयात पळाली.

तीनच्या सुमारास मास्तर बिस्किटांचे चार पुडे शर्टाखाली लपवून वर आले. शेवटचा दिवस, पोरगी उपाशी नको. दार उघडंच होतं, खाली विटेचा टेकू होता. ते पुडे गादीखाली सरकवत होते, तेवढ्यात आई आत आली. तिच्या हातात डबा होता.

"तुम्ही इथे?"

"मी टाकी बघायला आलो होतो."

"गादीखाली?"

"आणि तू? डबा वाळत घालायला?"

आईचा पाय विटेला लागला. वीट सरकली. दार आपलं मुकाट्याने मिटलं आणि कुलपाने 'खट्' असा आवाज केला. मास्तर ऐटीत दाराकडे गेले, त्यांनी मुठीसाठी हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला.

"अहो, मूठ कुठाय?"

"बाहेर."

"असं कसं कुलूप?"

मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर गच्च दाबलेला होता. खिडकीला गज होते. फोन दोघांचेही खाली.

"मी हाक मारते काकूला."

"अगं नको! पोरीच्या परीक्षेत परीक्षकच कोंडले गेले म्हणून गावभर होईल. उद्या माझ्या गाडीत कोण बसेल?"

तेव्हा जिच्या एका हाकेवर दवाखान्यातला झोपलेला पेशंट उठून बसतो, ती बाई सव्वादोन तास कुजबुजत राहिली. चार वाजले, साडेचार वाजले. बिस्किटांचा एक पुडा संपला. करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा आईची नजर टेबलावरच्या कागदांवर गेली.

"वाचू नये दुसऱ्याचं," मास्तर म्हणाले आणि चष्मा लावून शेजारी येऊन उभे राहिले.

वरच्या कागदावर दोन रकाने होते, मास्तरांच्या वहीतल्यासारखेच आखलेले. मथळा : 'कुणाचा पाय ब्रेकवर गेला.' आई : काकू, घड्याळ, सदरा. बाबा : घड्याळ, कुलूप. आणि खाली : 'रविवार अजून बाकी आहे.'

त्याखालच्या कागदावर निबंधाची एक खोडलेली सुरुवात होती. आईने ती हळू आवाजात वाचली. "'सोमवारी संध्याकाळी मला खूप रडू आलं. खाली आई भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता. बावीस पायऱ्या उतरल्या की घर. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. पायऱ्या मोजल्या. मग परत येऊन पाव खाल्ला. रडू थांबायला सगळा पाव लागला, पण थांबलं.'"

आईने कागद खाली ठेवला. "मी त्याच वेळी खाली जिन्यापाशी उभी होते," ती म्हणाली. "वर यावं की नाही, म्हणून."

"मी गाडीत बसलो होतो," मास्तर म्हणाले. "बंद गाडीत."

सव्वापाचला जिन्यावर पावलं वाजली. बाहेरची मूठ अर्धवट फिरली आणि थांबली.

"आत कोण आहे?"

"आम्ही," मास्तर म्हणाले. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हा शब्द त्यांना इतका जड कधी गेला नव्हता.

"आई पण?"

"डबा घेऊन आले होते गं."

बाहेरून बबडीचा आवाज आला, अगदी परीक्षा घेणाऱ्या माणसासारखा. "मी उघडते. पण बाबा, मी मध्ये पडले, की आतले नापास. नियम तुमचाच आहे."

"बबडे, सहा वाजत येतील!"

"म्हणूनच म्हणते." दाराखालच्या फटीतून फॉर्म आत सरकला. पाठोपाठ पेन.

मास्तर दाराशी खाली बसले. फॉर्म त्यांनी गुडघ्यावर ठेवला. पेन कागदाला टेकलं, थांबलं. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बावीस वर्षांत मास्तरांनी शेकडो लोकांना मोठ्या रस्त्यावर सोडलं होतं. पण तेव्हा ते शेजारी बसलेले असत. त्यांनी सही केली आणि कागद फटीतून बाहेर सरकवला.

दार उघडलं. बबडीने कुणालाही हसून दाखवलं नाही, हे तिचे उपकारच. ती धावत खाली गेली, कपाटातला फोन काढला, फॉर्मचे आणि निबंधाचे फोटो काढले आणि सहाला बारा मिनिटं कमी असताना सगळं पाठवून दिलं.

"निबंध लिहिलास शेवटी?" आईने विचारलं. "काय लिहिलंस?"

"सोमवारचंच लिहिलं. खोडलं होतं ते. आणि पुढे एवढंच, की माझी तयारी झाली आहे, घरच्यांची चालू आहे."

मास्तरांनी वही काढली आणि प्रत्येक रकान्यात 'पास' लिहिलं. 'एकटेपणा'च्या रकान्यात त्यांनी शब्द जरा मोठ्या अक्षरात लिहिला. "चल, ट्रायल संपली. गादी खाली आणतो."

"नको," बबडी म्हणाली. "माझी संपली. तुमची कुठे संपली? पुढचा आठवडाही मी वरच राहते. तुमच्यासाठी." तिने डबा उचलला. "हा मात्र नेते. आज भात लावायचा कंटाळा आलाय." आणि ती बावीस पायऱ्या चढून गेली.

आईने टेबलावर तीन ताटं मांडली, एक परत उचलून ठेवलं. दोघं जेवायला बसले. एवढ्यात वर धपकन काहीतरी पडलं. मग काही नाही. आईचा घास हातातच राहिला. मास्तरांनी छताकडे पाहिलं, भाजीकडे पाहिलं, पुन्हा छताकडे पाहिलं.

"अहो," आई म्हणाली, दवाखान्यातल्या नव्हे, अगदी हळू आवाजात. "पाय उचला."

मास्तरांनी टेबलाखाली पाहिलं आणि सावकाश, एकेक बोट सोडवावं तसा, उजवा पाय फरशीवरून उचलला.