बिना वार्निशचं पिकअप

धनश्रीच्या कानाला अख्ख्या घाटनांदुरात तोड नव्हती. हे गावाचं मत नव्हतं, धनश्रीचं होतं. पण होतं ठाम! दहा महिन्यांचा अभिमन्यू पलीकडच्या खोलीत नुसता कुशीवर वळला, तरी इकडे तिच्या हातातलं लाटणं थांबायचं. कुकरच्या शिट्टीवरून डाळ बोटचेपी शिजलीय की अख्खी आहे, हे ती झाकण न उघडता सांगायची. गल्लीत मोटारसायकल वळली की ती कुणाची, आणि वरचा माणूस घरून भांडून निघालाय का, इथपर्यंत तिची मजल होती. शिवाय बी.एस्सी.ला फिजिक्स! म्हणजे कानाला डिग्रीसुद्धा होती.

म्हणून नवरा डोकं धरून बसला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं? मला ऐकवा. पाच मिनिटांत निकाल देते!"

नवरा म्हणजे उत्तरेश्वर. एरवी त्याचं स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान, आणि लग्नसराईत सोमेश्वरच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार. बोटं चांगली चालायची त्याची. रोग होता तो गिटारला. गाण्याच्या आधी भुंऽऽऽ, गाणं संपल्यावर भुंऽऽऽ! मागच्या लग्नात तर मंगलाष्टकांच्या मध्ये भटजी श्वास घ्यायला थांबले, अन् तेवढ्या शांततेत गिटार अशी काही गुणगुणली, की आग्यामोहोळ उठलं समजून दोन पाव्हणे अक्षता टाकून मांडवाबाहेर पळाले!

सोमेश्वरनं स्पष्टच सांगितलं होतं. "उत्तरेश्वर, रविवारी घरी येतो. भुंगा गेलेला असला तर उमापूरच्या हळदीला तू, अन् पुढच्या सीझनलाबी तूच. न्हाईतर मी आपला कीबोर्डवाल्याला सांगतो. त्याच्यात गिटारचाबी आवाज निघतो, अन् चहा एकालाच पाजावा लागतो."

गिटारच्या तारांखाली एक काळी पट्टी असते. तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक, भोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की ही ते पकडते आणि स्पीकरला सांगते. एखाद्या शेजारणीसारखं! उत्तरेश्वरचं पिकअप जुनं झालं होतं, आणि बदली म्हणून त्यानं एक सोडून तीन जमवली होती. एक कुरिअरनं आलेलं, चकचकीत डबीतलं. दुसरं परभणीच्या एका मोडक्या गिटारमधून उपसलेलं. आणि तिसरं समोरच्या दस्तगीरभाईंनी स्वतः भरलेलं.

दस्तगीरभाई विहिरीवरच्या मोटारी भरायचे. जळालेली मोटार सोडायची, नवी तार भरायची, वार्निशमध्ये बुडवायची, वाळवायची. तीस वर्षं हेच. उत्तरेश्वरनं ती बोटाएवढी पट्टी पुढं ठेवली, तेव्हा ते खो खो हसले होते. "अरे, मी साडेसात एचपीच्या मोटारी भरतो. ह्याच्या पाण्यानं तर डासाचीबी तहान भागनार न्हाई!" पण भरलं मात्र मन लावून. दोन कॉइली, एक सुलटी, एक उलटी, म्हणजे दोन्हीकडचे भुंगे आतल्या आत एकमेकांना मारतात.

"आता वार्निश मारतो, दोन दिवस वाळू दे," ते म्हणाले.

"दोन दिवस कुठले, दस्तगीरभाई! रविवारी सोमेश्वर येतोय. राहू द्या वार्निश!"

"बिना वार्निशची कॉइल ढिली रहाती, बेटा."

"चालतंय हो! गिटारच हाय, विहिरीत थोडीच सोडायची हाय?"

तर शुक्रवारी दुपारी परीक्षा ठरली. धनश्रीनं नियम घातले. पिकअपचं नाव सांगायचं नाही, फक्त नंबर. ती पाठ करून बसणार. पंखा बंद, कारण पंखा बेसुरा आहे. आणि अभिमन्यू झोपलेला आहे, तेव्हा वाजवायचं, पण जपून!

"जपून कसं वाजवू? इलेक्ट्रिक गिटार हाय ही, शिरा न्हाई हलवायचा!"

"शूऽऽ! उठेल तो!"

पोराचं नाव अभिमन्यू. पण हा पठ्ठ्या पोटात असताना सगळं निमूट ऐकून घ्यायचा, आणि बाहेर आल्यापासून कुणाचंच ऐकत नव्हता. धनश्री त्याला मांडीवर आडवा घेऊन, नवरा गिटार घेऊन बसला होता त्याच पलंगावर, त्याच्याकडे पाठ करून बसली. थोपटत होती, तोंडानं हलकंसं "हं हं हंऽ" चाललं होतं. दारात सासूबाई, सुभद्राबाई, तांदूळ निवडत होत्या. त्यांना कुणी परीक्षक नेमलं नव्हतं. त्यांनी स्वतःच नेमून घेतलं होतं.

एक नंबर वाजला.

"डबा पडल्यावानी," सुभद्राबाई म्हणाल्या.

"थोडा पत्र्याचा आहे खरा," धनश्री डोळे मिटून म्हणाली. "वरचे सूर टोचतात."

मग तारा ढिल्या करा, पट्टी काढा, सोल्डरचा डाग मारा, तारा आवळा. पाऊण तास गेला. पंखा बंद. उत्तरेश्वरच्या घामाच्या धारा गिटारवर. दोन नंबर वाजला.

"ह्याला सर्दी झाली."

"आत्याबाई, मला ऐकू द्या ना! हो, पण बंद नाकाचा आहे. खालचे सूर घोगरे."

पुन्हा पाऊण तास. तिसरा नंबर वाजला आणि धनश्रीच्या अंगावर काटा आला. तारांच्या मागं काहीतरी मऊ, ओलं, घरगुती ऐकू येत होतं. जणू गिटारच्या पोटात बसून कुणी बाई लांबून गातेय!

"हाच!" ती पुटपुटली. "मध आहे मध! बाकीचे दोन फेकून द्या!"

"दस्तगीरभाईचं हाय ते!" उत्तरेश्वर उडालाच.

"बघा! कान आहे की नाही?"

रविवारी दुपारी सोमेश्वर आला. बरोबर बायको, सुरेखा. ऑर्केस्ट्राची गायिका. कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं हे सोमेश्वर सांगायचा, पण ठरवायची सुरेखा, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यांनी स्टेजवरचा मोठा स्पीकर टेम्पोतून आणला होता, कपाटाएवढा. तो आत मावेना, म्हणून ओट्यावर गल्लीकडं तोंड करून ठेवला आणि लांब वायर आत आणली.

उत्तरेश्वरनं वाजवलं. भुंगा गायब! सोमेश्वर खूश. "लेका, हे खरं पिकअप! आवाज अजून वाढव, हळदीला चारशे माणूस हाय." आवाज पार टोकाला नेला. मग चहा आला, आणि मंडळी ओट्यावर खुर्च्या टाकून बसली. उत्तरेश्वरनं गिटार चालू तशीच आतल्या पलंगावर, भिंतीला टेकवून ठेवली, आणि तोही बाहेर आला.

आत पलंगावर धनश्री, मांडीवर पेंगणारा अभिमन्यू, आणि बशीतला चहा फुंकणाऱ्या सुभद्राबाई. गिटार वीतभर अंतरावर.

"सुटलो बाई!" धनश्री म्हणाली. "आत्याबाई, एक सांगू का? ह्या सुरेखावैनींपेक्षा आपला कुकर सुरात असतो."

बाहेर काहीतरी बोललं कुणीतरी. एकदम मोठ्यानं! धनश्रीनं कान टवकारले. गल्लीत एक बाई ओरडत होती.

"कोण हो ही?"

बाई पुन्हा ओरडली.

"बघा बघा! काय आवाज तरी! चिरका! फाटका! दुपारची वेळ, घरात लहान लेकरू, अन् हिला काही आहे का त्याचं?"

बाहेरची बाई आता सलग सुरू झाली. धनश्री थांबली, तशी ती थांबली. धनश्री बोलली, तशी ती बोलली.

"आत्याबाई, ही मुद्दाम करतेय! मी बोलले की बोलते, मी गप्प बसले की गप्प बसते!"

"भांडखोर दिसती," सुभद्राबाई म्हणाल्या. बाहेर लगेच दुसऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला. "अगं बया! आता तर दोघी झाल्या!" सुभद्राबाईंनी बशी खाली ठेवली.

"जाऊ द्या, असल्यांच्या तोंडी लागू नये. मी काय म्हणत होते, वैनी वरचा सूर लावतात ना, तेव्हा अगदी म्हशीच्या शेपटावर कुणी पाय दिल्यासारखं..."

एवढ्यात अभिमन्यूला शिंक आली, आणि शिंकेनं दचकून त्यानं भोकाड पसरलं. बाहेर गल्लीतही एक लेकरू रडायला लागलं.

धनश्री पांढरीफटक पडली. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नव्हता, पण हे रडणं हजारात ओळखू येणारं होतं. "अहो! आपला अभिमन्यू बाहेर कसा गेला?" असं ओरडत ती पोराला छातीशी घट्ट धरून दाराकडे धावली!

ओट्यावर सोमेश्वर, सुरेखा आणि उत्तरेश्वर. तिघांचे कप हवेत. पलीकडं अर्धी गल्ली. कुणी भाजीची पिशवी घेऊन, कुणी दाढीचा फेस तोंडावर तसाच ठेवून. दस्तगीरभाई तर दुकानातून पाना हातात घेऊन धावत आले होते.

"भाबी," ते हळूच म्हणाले, "मी सांगितलो होतो. बिना वार्निशची कॉइल ढिली रहाती. मग ती तारच न्हाई, माणसाचं बोलनंबी पकडती." मग पाना खाली घेत विचारलं, "परवा टेस्टिंगला तुमी काही गुनगुनत होता का?"

धनश्रीला आठवलं. हं हं हंऽ! म्हणजे तो मध तिचाच होता. आणि तो चिरका, फाटकाही तिचाच!

सुरेखा उठली. थेट आत गेली. सगळे बघत राहिले. पलंगावर बसून तिनं गिटार जवळ ओढली, तोंड तारांजवळ नेलं, आणि ओट्यावरचा स्पीकर बोलला, "हॅलो. कुकर बोलतोय."

गल्ली अशी हसली, की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली!

"वैनी, माफ करा हो!" धनश्री धावत आत गेली, आणि तेही गल्लीनं ऐकलं. "चुकलं माझं!" हेही ऐकलं. "अहो, वायर काढा ना आधी!" हेसुद्धा.

वायर निघाली. सोमेश्वर घसा खाकरत म्हणाला, "उत्तरेश्वर, हळद उद्याच हाय. वार्निश वाळायला टाइम न्हाई. जुनंच बसव. गुणगुणलेलं परवडलं बाबा, बोललेलं न्हाई परवडत!"

"अन् पुढच्या सीझनचं?" उत्तरेश्वरनं रडवेल्या आवाजात विचारलं.

उत्तर सुरेखानं दिलं. "वैनींनी उद्या पहिल्या लाइनीत येऊन बसायचं. कार्यक्रम संपला की सांगायचं, कसं झालं. खरं खरं. मग बघू."

त्या संध्याकाळपर्यंत नवऱ्याची गिटार आपल्या जिभेला टांगलेली आहे, हे धनश्रीला पुरतं कळलं होतं. तिनं आरशासमोर उभं राहून चार-पाच कौतुकं पाठ केली. पहिल्या गाण्याचं कौतुक नको. पुढचं ऐकलंच नाही असं वाटेल. शेवटच्याचं नको, तेवढंच लक्षात राहिलं म्हणतील. मधलं कुठलंतरी. चौथं. चौथं बरं!

दुसऱ्या दिवशी दुपारी उमापूरला मांडवात पाय टाकला आणि तिची नजर स्पीकरांवर गेली. भिंतच उभी केली होती! पहिली रांग त्याच्या बरोबर समोर. दहा महिन्यांच्या पोराचे कान ते! तिनं पिशवीतून कापूस काढला, अभिमन्यूच्या कानात बोळे, वरून टोपडं, वरून रुमाल. मग स्वतःच्याही कानात चांगले दाबून बोळे घातले. आईला भोवळ आली तर लेकराला धरणार कोण?

कार्यक्रम झाला. तिला ऐकू आलं ते नुसतं छातीत धडधड धडधड. स्टेजकडं बघायलाही फुरसत नव्हती, कारण अभिमन्यू बोळे उपसायचा आणि ती परत घालायची. लोक टाळ्या वाजवायचे, तशी तीही वाजवायची आणि बोटावर मोजायची. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला तर लोक उठून टाळ्या वाजवत होते. निवड चुकली नाही, म्हणून तिला बरं वाटलं.

शेवटी सुरेखा माईक घेऊन स्टेजवरून खाली उतरली आणि थेट तिच्यासमोर आली. धनश्रीनं पदराआडून घाईघाईनं एक बोळा काढला.

"सांगा वैनी, कसं झालं?"

माईक तोंडापुढं. चारशे माणसांचे कान तिच्याकडं. स्टेजवर उत्तरेश्वर गिटारला धरून उभा, बुडताना ओंडक्याला धरावं तसा.

"चौथं गाणं!" धनश्री म्हणाली. "काय लागलं हो ते! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, वैनी! असं आजवर ऐकलं नव्हतं!"

सुरेखानं माईक स्वतःकडं वळवला.

"चौथ्याला मी पाणी प्यायला खाली उतरले होते," ती माईकवर म्हणाली. "ते एकट्या गिटारनं वाजवलं."

मांडवात हशा फुटला. सोमेश्वर तर खुर्चीवरून घसरला. सुरेखानं हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "खरं बोलली म्हणायची बाई! आता ठेवा बाबा ह्या गिटारवाल्याला. न्हाईतर परत त्या पिकअपवर माझ्या नावानं बोलंल!"

परतताना मोटारसायकलवर उत्तरेश्वरच्या अंगात वारं शिरलं होतं. पुढं शिट्टी, मागं बायको, मध्ये पोरगं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बायकोनं चारशे माणसांत त्याच्या वाजवण्याला दाद दिली होती! त्यानं गाडी हळू केली, मान किंचित मागं वळवली आणि लाजत विचारलं,

"खरंच डोळ्यांत पाणी आलं?"

पण नेमका तो बोळा राहिलेल्या कानाच्या बाजूनं बोलला. धनश्रीनं त्या कानातला बोळा काढला, रस्त्यावर टाकला आणि पुढं वाकून म्हणाली,

"काय म्हणालात?"