मॉर्मनसाठी राखीव

तायडेकाकांच्या घरात पुस्तकांची फळी एकच आहे आणि ती घरभर फिरते. पुढच्या खोलीत दाराच्या उजव्या हाताला सुरू होते, कपाळाच्या उंचीवर तीन भिंती ओलांडते, मधल्या खोलीत शिरते आणि थेट स्वयंपाकघराच्या दारातून आडवी जाते. चहा टाकायला जायचं तर फळीखालून वाकून जावं लागतं. मी मेडशीच्या शाळेत बदलून आले आणि काकांच्या समोरच्या घरात भाड्याने राहू लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझं डोकं त्या फळीला आपटलं.

"वाकून जा, मॅडम," काका म्हणाले. "वाकलं का पुस्तकाले नमस्कार बी होते."

फळीवर दोनशेच्या वर पुस्तकं आहेत, सगळी धर्माची. बौद्ध, हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती, शीख, महानुभाव, पारशी, ज्यू, बहाई, लिंगायत. काका स्वतः बौद्ध, पण त्यांची पुस्तकंही रांगेत आपल्या नंबरावर. एकावर एक फळ्या का मारल्या नाहीत, असं मी विचारलं तर त्यांनी माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"एकावर एक मारली तं कोनाचं तरी पुस्तक कोनाच्या तरी पायाखाली येते. मंग भांडन. माया गाडीत एकच मजला."

गाडी म्हणजे एसटी. तायडेकाका तेहतीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण ड्यूटी काही उतरली नाही. दारात माणूस दिसला की पहिला शब्द "हात!" हात धुवून पुसून दाखवल्याशिवाय पुस्तकाला बोट लावायचं नाही. तपासताना ते तळहात उलटसुलट करून पाहतात, जणू त्यावर कुठून कुठपर्यंतचं तिकीट आहे ते लिहिलेलं असतं. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब सहज डोकावले. त्यांना दोनदा परत पाठवलं. दुसऱ्यांदा नखांसाठी.

पुस्तकं जमवायची त्यांची रीत सरळ होती. मागायची. शिरपूरच्या एका जैन दुकानदाराकडे साखर घ्यायला गेले आणि साखर विसरून चार पुस्तकं घेऊन आले. मुसलमानांच्या ग्रंथाचं मराठी भाषांतर रहीममिस्त्रींनी आपल्या घरातून आणून दिलं. हे रहीममिस्त्री म्हणजे गावातले सुतार. फळी त्यांनीच बनवली आणि अजून बनवत आहेत, कारण धर्म संपत नाहीत.

लिंगायतांच्या पुढे मात्र दोन बोटं जागा रिकामी होती. तिथे लाल अक्षरांत पाटी होती: 'राखीव – मॉर्मन'.

"हा मार्मन कोन?" गावातले लोक विचारायचे.

"पॅशिंजर हाये. पुढच्या थांब्यावर चढनार हाये."

त्याचं असं झालं होतं. काका लेकीकडे हैदराबादला गेले होते. तिथल्या सिटी बसमध्ये पांढरा शर्ट, काळा टाय, खिशावर नावाची पट्टी लावलेली दोन पोरं त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. काकांनी ताबडतोब तिकीट काढून पुढे धरलं. त्यांना ते चेकिंगवाले वाटले. पोरं गोंधळली, मग हसली, आणि आपण अमेरिकेत निघालेल्या मॉर्मन पंथाचे आहोत, धर्माची माहिती देत फिरतो, असं त्यांनी सांगितलं. काकांनी पंथाचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी लगेच विचारलं, "पुस्तक हाये?" पुस्तक होतं, पण त्या दिवशीची सगळी वाटून झाली होती. काकांनी आपला पत्ता लिहून दिला, परत आले आणि रहीममिस्त्रींना म्हणाले, "एक सीट वाढवा."

दोन वर्षं सीट रिकामीच राहिली. काकांनी त्या पोरांनी दिलेल्या पत्त्यावर पाच पत्रं टाकली. हिंदीत ती लिहिली मी, मजकूर त्यांचा. प्रत्येक पत्राचा शेवट एकच: 'जागा धरून ठेवली आहे, पण गाडी भरत चालली आहे.'

त्याच सुमारास त्यांचे मेहुणे आसेगावहून आले. उत्तमराव, काकांच्या वारलेल्या बायकोचे थोरले भाऊ. शिस्तीचा माणूस. त्यांनी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि तोंड कडू केलं.

"भाऊजी, आपल्या बापानं एक धर्म सोडला, एक धरला. तुमी अकरा धरून राह्यले, आन् बाराव्याची वाट पाहून राह्यले. लोक मले इचारते, तुमचा जवाई नेमका कोन्त्या धर्माचा? मी काय सांगू?"

"सांगा का कंडक्टर हाये," काका शांतपणे म्हणाले. "कोन्ता पॅशिंजर कोन्त्या गावाले जाते, ते मले माहीत पायजे. मी का दर गावात उतरतो?"

उत्तमराव चिडले. पुढच्या खेपेला येईन तेव्हा हा पसारा दिसला नाही पाहिजे, असं बजावून ते निघाले. जाताना पाणी प्यायला आत शिरले आणि फळीखालून वाकायला विसरले, त्यामुळे राग आणखी वाढला.

आणि मग यंदा, उन्हाळ्यात, फोन आला. ती हैदराबादची पोरं केव्हाच आपापल्या घरी गेली होती, पण काकांची पाचही पत्रं फिरत फिरत दुसऱ्या दोघांच्या हाती पडली होती. ते वरच्यांची परवानगी काढून स्वतः पुस्तक घेऊन मेडशीला येणार होते.

काकांनी फोन ठेवला आणि गावभर फिरून आले. त्यांनी उत्तमरावांनाही कळवलं. "या," म्हणाले, "बाराव्याले पाहून घ्या."

ठरलेल्या दिवशी दुपारी एकच्या गाडीतून ते दोघं उतरले. एक उंच, गोरा, उन्हाने टोमॅटोसारखा लाल झालेला अमेरिकन. दुसरा हैदराबादकडचा, हिंदी बोलणारा. त्या उन्हातही गळ्यात टाय. मेडशीच्या थांब्यावर टाय लावलेला माणूस इतक्यात कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे अर्धं गाव मागे लागलं. दारात काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे.

"हात!"

हैदराबादच्या पोराने अर्थ सांगितला. गोऱ्याने गंभीरपणे हात धुतले आणि पुढे केले. काकांनी उलटसुलट पाहिले आणि मान हलवली. पास.

नावाच्या पट्टीवर दोघांच्याही 'एल्डर' लिहिलं होतं. म्हणजे काय, ते मी सांगितलं. काका थक्क झाले. "वीस वर्षाचं लेकरू आन् ज्येष्ठ! मले तं पासष्टीनंतर बी फक्त अर्ध्या तिकिटापुरतं ज्येष्ठ म्हनते."

चहा आला. त्यांच्या धर्मात चहा-कॉफी चालत नाही, असं कळलं. चहा न पिणारा धर्म असू शकतो, हे मेडशीला पटायला वेळ लागला. रहीममिस्त्री हळूच म्हणाले, "तायडे, सोच लो. ये कैसा पॅशिंजर लिया?" काका म्हणाले, "कारन पुस्तकात असंन. वाचतो ना." आणि ताक मागवलं.

मग गोऱ्या पोराने पिशवीतून पुस्तक काढलं. निळ्या पुठ्ठ्याचं, हिंदीतलं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, राखीवची पाटी काढली आणि पुस्तक जागेवर सरकवलं. ते तिथे असं बसलं की बाजूला एक कागदही शिरला नसता. रहीममिस्त्रींनी माप घेतलं होतं न पाहिलेल्या पुस्तकाचं, निव्वळ अंदाजाने! काकांनी खिशातून जुनी शिट्टी काढली आणि जोरात वाजवली. लोकांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. बारा धर्म झाले. तायडेकाकांचा चेहरा असा झाला होता की जणू त्यांच्या गाडीला आता रस्त्याचीसुद्धा गरज नाही.

गर्दी पांगली. आम्ही मोजकेच राहिलो. उत्तमराव मघापासून भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, पण या वेळी आवाजात राग नव्हता.

"झालं तुमच्या मनासारखं. आता तरी सांगा, भाऊजी. कायले हे सारं?"

काका ताकाचा पेला हातात फिरवत राहिले.

"तुमची बहीन अकोल्याले दवाखान्यात होती तवा," ते म्हणाले. "वार्डात आठ खाटा. चार वाजले का भेटायची येळ. बाजूच्या खाटेपाशी एक मुसलमान बाई पोरीच्या कानाशी काहीतरी वाचे. समोरच्या म्हातारीचा लेक पोथी घेऊन बसे. कोपऱ्यात एक ख्रिस्ती मास्तर बायकोले वाचून दाखवे. तुमची बहीन मले म्हने, सारे आपापल्या मानसाले वाचून राह्यले, तुमी नुसते बसून राह्यले. मले बी वाचा ना काही. मायापाशी काय? थैलीत डबा आन् टावेल. घाईत निघालो होतो. पुस्तक एक बी नाही. पाठ एकच होतं. तेच म्हनलं."

"काय?"

"थांबे. माया रूटचे."

काकांनी ताकाचा पेला खाली ठेवला.

"हासली ती. मंग रोज तेच म्हनाले लावे. पातूर येईपर्यंत झोपून जाय. शेवटपर्यंत तेच ऐकलं तिनं. ती गेल्यावर ठरवलं, या गावातून दवाखान्यात जानाऱ्या कोन्त्याच मानसाचा हात रिकामा राहाले नाई पायजे. ज्याले जे लागन ते घिऊन जावं. आतालोक सत्तावीस जन घिऊन गेले. बरेचशे आपल्या मानसाले बी सोबत घिऊन परत आले."

हैदराबादच्या पोराला वऱ्हाडी अर्धीच कळली असावी, पण त्याने गोऱ्याला काही सांगायचं थांबवलं होतं. उत्तमराव खाली पाहत होते. ते म्हणाले, "म्हना बरं एकडाव. मले बी ऐकू द्या."

काका उभे राहिले. शर्ट सारखा केला. आणि बस भरलेली असताना मागच्या सीटपर्यंत पोचावा अशा आवाजात, पण सावकाश, म्हणू लागले.

"रिसोड. रिठद. वाशिम. मालेगाव. मेडशी. पातूर. कापशी. चिखलगाव. अकोला."

गोरा मुलगा डोळे मिटून, मान खाली घालून, दोन्ही हात जुळवून ऐकत होता. काका थांबल्यावर तो म्हणाला,

"आमेन."

हे बसचे थांबे आहेत, असं त्याला कोणी सांगितलं नाही. उत्तमरावांनी तेवढे हात जोडले.