एकेरी जिना

उस्तादांचं ठाम मत होतं की जगातली निम्मी भांडणं चुकीच्या बाजूने आलेल्या माणसांमुळे होतात आणि उरलेली निम्मी इंडिकेटर न दिल्यामुळे. लोकांना गाडी शिकवण्यात त्यांची उमर गेली होती. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून रोज स्वतःचा जीव वाचवायचा, हा काही सोपा धंदा नाही. त्या धंद्यात त्यांचे केस मागे हटत हटत मानेपर्यंत गेले होते आणि उजवा पाय कायमचा सावध झाला होता. जेवताना कोणी पाण्याचा तांब्या जरा जोरात पुढे सरकवला, तरी टेबलाखाली त्यांचा पाय ब्रेक दाबायचा.

अशा माणसाची एकुलती एक लेक मुलींच्या इस्लामी शाळेत दहावीला होती. शाळा शिस्तीसाठी प्रसिद्ध होती, आणि त्या शिस्तीचं मूळ म्हणजे मुख्याध्यापिका. सगळी शाळा त्यांना मोठ्या आपा म्हणायची. त्या व्हरांड्यातून नुसत्या चालत गेल्या, तरी वर्गावर्गातले उघडे डबे आपोआप बंद व्हायचे. ओरडायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. चष्मा नाकावर थोडा खाली घेतला की काम भागायचं.

दर वर्षी सगळ्यात शिस्तशीर वर्गाला एक ढाल मिळायची. पितळी, जड, आणि खरं सांगायचं तर दिसायला बेंगरूळच. पण ती आपल्या वर्गात लागावी म्हणून मुली जीव टाकायच्या. यंदा उस्तादांच्या लेकीचा वर्ग सगळ्यांच्या पुढे होता आणि ती स्वतः वर्गाची मॉनिटर होती. आता शेवटची परीक्षा तेवढी उरली होती. दुसऱ्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका पाहुण्या म्हणून येणार, शाळेत हिंडून शिस्त बघणार आणि मग निकाल लागणार. लेक आठवडाभर झोपेतसुद्धा रांगेत उभी राहत होती.

पालकसभेला आजवर उस्तादांची बायकोच जायची. ती इस्पितळात औषधं देण्याच्या खिडकीवर बसायची. नेमकी या वेळी तिची ड्यूटी बदलली आणि सभेला उस्तादांना जावं लागलं. घात झाला तो तिथेच.

सभेत दुपारच्या सुट्टीचा विषय निघाला. नमाजाआधी सगळ्या मुली एकदम खाली यायला निघतात, काही जणी राहिलेलं आणायला परत वर धावतात आणि जिन्यावर अशी चेंगराचेंगरी होते की एकीचा स्कार्फ दुसरीच्या खांद्यावरून निघतो. घंटा आधी द्यावी, असं एका आईने सुचवलं. जिना रुंद करावा, असं एका वडिलांनी सुचवलं. ते सिमेंटचे व्यापारी होते. उस्ताद मागच्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांच्याने राहवेना. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, जिन्याचा दोष नाही, दोष वाहतुकीचा आहे. पुढचा जिना फक्त उतरायला ठेवा, मागचा फक्त चढायला. व्हरांडे एकेरी करा. बाण लावा. एक मुलगी दुसरीला धक्का लावून दाखवू दे, मी गाडी शिकवणं सोडून देईन.

मोठ्या आपांनी चष्मा खाली घेतला आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. पालकांनी शाळेच्या कामात सहभागी व्हावं, असा ठराव त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच केला होता. त्यानंतर पालकांनी तक्रारींखेरीज काहीही आणलं नव्हतं. आज पहिल्यांदाच कोणीतरी उपाय घेऊन उभं राहिलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. शिवाय पाहुण्या येतील त्याच दिवशी हा प्रयोग करू, असंही ठरवून टाकलं.

घरी ही बातमी सांगताना उस्तादांची छाती दाराच्या चौकटीत मावत नव्हती. लेकीने हातातला घास ताटात ठेवला.

"अब्बा, तुम्ही फक्त बक्षीस समारंभाला या ना. टाळ्या वाजवायला."

"अगं, ढाल तुझ्या हातात आणून ठेवतो बघ," उस्ताद म्हणाले.

बायकोने एवढंच सुचवलं की बाण चिकटवण्याआधी त्या वाटेवरून एकदा स्वतः चालून बघा. उस्तादांना हसू आलं. बाटल्या फळीवर ओळीने लावणं वेगळं आणि वाहतूक हाकणं वेगळं, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिने मान डोलावली आणि भांडी आवरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर उस्ताद आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमधली बाणांची पिशवी घेऊन हजर झाले. इमारत चौकोनी होती. मधे अंगण, चारी बाजूंनी व्हरांडा. वर्ग सगळे वरच्या मजल्यावर. पुढच्या जिन्याने खाली उतरलं की आधी प्रयोगशाळा, मग ग्रंथालय, मग मागचा जिना, आणि तो ओलांडून पुढे गेलं की वजूची, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याच्या नळांची जागा आणि नमाजाचं दालन. उस्तादांनी वरच्या व्हरांड्यापासून सुरुवात करून हौसेने बाण चिकटवत नेले. इतक्या हौसेने की मागच्या जिन्याच्या पायथ्याशी पोचले तेव्हा पिशवीतले सरळ जाणारे बाण संपले होते. उरले होते ते सगळे वळणाचे. उस्तादांनी क्षणभर विचार केला. दालन तर समोरच दिसतंय, पोरींना काय डोळे नाहीत? असं म्हणून त्यांनी वर परतणाऱ्यांसाठी वळणाचा एक मोठा, लालभडक बाण जिन्याकडे तोंड करून चिकटवला आणि समाधानाने हात झटकले.

आता एवढ्यावर भागलं असतं. पण सकाळच्या प्रार्थनेनंतर मोठ्या आपांनी सगळ्या शाळेला बजावलं की बाण सांगेल तिकडेच जायचं. बाण सोडून एक पाऊल टाकलं, तरी त्या वर्गाचे गुण कापले जातील. आणि बाण सगळ्यांना सारखाच, मग ती विद्यार्थिनी असो, शिक्षिका असो, की त्या स्वतः असोत.

दुपारी घंटा झाली. उस्ताद गळ्यात शिट्टी अडकवून अंगणात उभे होते. पुढच्या जिन्यावरून मुलींची रांग उतरायला लागली. धक्का नाही, गोंधळ नाही, नदीसारखी संथ. प्रयोगशाळेवरून, ग्रंथालयावरून ती पुढे सरकली आणि मागच्या जिन्याशी आली. तिथे लाल बाण होता. बाण म्हणाला वर, म्हणून मुली वर गेल्या. वरचा व्हरांडा बाणाबाणाने पार करून त्या पुन्हा पुढच्या जिन्याशी आल्या. तिथला बाण म्हणाला खाली. मुली खाली आल्या.

दालनाचं दार समोर उघडं होतं. पण तिकडे जायचं तर बाण सोडावा लागत होता, आणि ढालीच्या दिवशी बाण सोडायची कोणाची छाती?

पहिल्या फेरीत कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्या फेरीत नववीच्या वर्गाला कळलं आणि त्या वर्गाच्या तोंडावर असा काही आज्ञाधारकपणा पसरला की तो बघूनच एखाद्या अनुभवी माणसाने धोका ओळखला असता. नववीने रांग आणखी सरळ केली. पावलात पाऊल टाकून ती चालू लागली.

त्याच रांगेत मधोमध मोठ्या आपा पाहुण्याबाईंना घेऊन चालल्या होत्या. पाहुण्याबाई वयस्कर होत्या, गुडघ्यांनी अधू, पण रीतभात सांभाळणाऱ्या. पहिल्या फेरीत त्यांनी प्रयोगशाळेची तारीफ केली. दुसऱ्या फेरीतही केली. मग जिना चढताना कठड्याला धरून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, शाळा एवढी मोठी असेल असं बाहेरून वाटलं नव्हतं. पुढच्या फेरीत पाहुण्याबाईंनी प्रयोगशाळेच्या दाराशी पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"एकंदर किती प्रयोगशाळा आहेत तुमच्याकडे?" त्यांनी हळूच विचारलं.

मोठ्या आपांना केव्हाच सगळं उमगलं होतं. पण नियम त्यांनीच केला होता, आणि तो पहिल्यांदा त्यांनीच मोडला तर इतक्या वर्षांची कमाई मातीत. तेव्हा ताठ मानेने चालत राहण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. अंगणाच्या पलीकडच्या व्हरांड्यातून नववीच्या मुली मात्र दर फेरीला त्यांना नव्याने, मोठ्या अदबीने सलाम करत होत्या, आणि सलामाचं उत्तर देणं तर भागच होतं.

इकडे उस्ताद खूश होते. एवढी सुरळीत वाहतूक त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. खेळाच्या बाई ताप आल्यामुळे त्या दिवशी रांगेत नव्हत्या, बाकावर बसल्या होत्या. त्यांना उस्तादांनी अभिमानाने विचारलं, कसं वाटतंय? खेळाच्या बाई म्हणाल्या, छान आहे, पण सगळ्या नुसत्या जाताहेत, पोचत कोणीच नाही.

उस्तादांनी पाहिलं. दालन रिकामं होतं. नळांवर कोणी नव्हतं. त्यांचा उजवा पाय अंगणातल्या फरशीवर जोरात दाबला गेला, पण शाळेला ब्रेक नव्हता. मग त्यांना गळ्यातली शिट्टी आठवली. त्यांनी छाती भरून एक लांब शिट्टी मारली, म्हणजे सगळ्यांनी थांबावं.

रस्त्यावर लांब शिट्टी म्हणजे थांबा. खेळाच्या बाईंच्या राज्यात लांब शिट्टी म्हणजे पळा. दोन आखूड म्हणजे थांबा. हे उस्तादांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

अख्खी शाळा पळू लागली. तीही रांगेत, कोपर शरीराला लावून, शिकवल्याप्रमाणे. जिने दणाणले. कोणी हसत नव्हतं, कारण हसण्याचेही गुण कापले जात. पण काही जणींचे खांदे गदगदत होते. उस्तादांनी घाबरून आणखी एक लांब शिट्टी मारली आणि वेग वाढला. गणिताच्या बाई हातात भूमितीची मोठी लाकडी पट्टी भाल्यासारखी धरून धावत गेल्या. पाहुण्याबाईंना दोन धिप्पाड शिक्षिकांनी दोन्ही काखांत धरून अलगद उचललं होतं. त्यांचे पाय अधूनमधूनच जमिनीला लागत होते. आणि मोठ्या आपा, ज्यांना आजवर कोणी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं, त्या चष्मा एका हाताने धरून प्रयोगशाळेवरून गेल्या.

लेकीची नेमणूक मागच्या जिन्याच्या पायथ्याशी होती. लाल बाण कोणी मोडत नाही ना, एवढं बघायचं. ती सुरुवातीपासून बघत होती. काय चुकलंय हे तिला पहिल्याच फेरीत कळलं होतं. बाण कोणी चिकटवलाय हेही ठाऊक होतं. ढाल डोळ्यांसमोर होती, म्हणून ती ओठ दाबून उभी होती. पण पाहुण्याबाईंचा चेहरा जवळून गेला, पांढराफटक, आणि त्यांची एक चप्पल मागे राहिली. तेव्हा मात्र तिने जिन्याच्या तोंडाशी जाऊन दोन्ही हात पसरले.

"थांबा. बाण चुकलाय. सरळ जा."

पुढची मुलगी तिच्यावर जवळजवळ आदळली. लेकीने वाकून नखांनी बाणाची कड उकलली, तो फराफरा ओढून काढला आणि त्या हातानेच दालनाकडे दाखवलं. सगळी रांग एकदम वळली. नळ वाहू लागले. ती चप्पल उचलून लेकीने पाहुण्याबाईंच्या पायाशी ठेवली, ग्रंथालयातून खुर्ची आणली आणि त्यांना बसवलं. मोठ्या आपांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच त्या दिवशी नमाजाला उशिराने उभं राहावं लागलं.

नियम म्हणजे नियम. नेमून दिलेल्या जागेवरच लेकीने बाण सोडला, नुसता सोडला नाही तर उपटला. वर्गाचे गुण कापले गेले. ढाल गेली ती नववीला, कारण गुणांत दुसरा नंबर तिचाच होता, आणि बाणावर एवढं मनापासून प्रेम दुसऱ्या कुठल्या वर्गाने केलं नव्हतं.

उस्ताद धावत मोठ्या आपांकडे गेले. सगळी चूक माझी आहे, पोरीची नाही, असं त्यांनी कळवळून सांगितलं. मोठ्या आपा शांतपणे म्हणाल्या, "चूक तुमची आहे, याबद्दल शाळेत दुमत नाही. पण ढाल काही तुम्हाला मिळणार नव्हती, की तुमचे गुण कापावेत."

घरी येताना उस्ताद गाडी इतकी सावकाश चालवत होते की मागून सायकली पुढे जात होत्या. लेक खिडकीबाहेर बघत होती. ती रडेल, म्हणून ते मनातल्या मनात तयारी करत होते. पण लेक म्हणाली, "अब्बा, मी थांबा म्हटलं आणि मोठ्या आपासुद्धा थांबल्या." मग थोडं हसून म्हणाली, "ढाल तशी बेंगरूळच होती."

उस्तादांना गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं झालं. शिट्टीच असावी, असं समजून त्यांनी ती काढून ठेवली.

बक्षीस समारंभाला मात्र तिघंही गेले. नववीने ढाल घेतली, तेव्हा टाळ्या बेताच्या पडल्या. पाहुण्याबाई खुर्चीत बसूनच बोलल्या. त्या म्हणाल्या की शिस्तीवर त्यांनी आयुष्यभर भाषणं दिली आहेत, त्यामुळे आज देणार नाहीत. फक्त ज्या मुलीने त्यांना खुर्ची दिली, तिला त्यांना जवळून बघायचं आहे. लेक स्टेजवर गेली. पाहुण्याबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. हॉलमध्ये ज्या टाळ्या उठल्या, त्या नववीनेच सुरू केल्या होत्या.

मग मोठ्या आपा माइकजवळ आल्या. यंदा पालक-सहभागासाठी शाळेने एक नवं बक्षीस ठेवलं आहे, असं त्यांनी जाहीर केलं. उस्तादांनी कोटाचं बटण लावलं. काहीही झालं तरी हेतू शुद्ध होता, आणि मोठी माणसं मनही मोठं ठेवतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते खुर्चीतून अर्धे उठले.

मोठ्या आपांनी चष्मा खाली घेतला, थेट त्यांच्याकडे पाहिलं आणि बक्षीस त्यांच्या बायकोला जाहीर केलं.

"इतकी वर्षं या प्रत्येक सभेला न चुकता येत आल्या," त्या म्हणाल्या, "आणि दर वेळी एकट्याच आल्या. त्या एकट्याच का येतात, हे शाळेला आता समजलं."

बायको शांतपणे उठली, पदर सावरला आणि स्टेजकडे गेली. उस्ताद अर्धे उठलेलेच होते. आता खाली बसणं बरं दिसेना, म्हणून ते पुरते उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी त्यांना नम्रपणे सांगितलं की तुम्ही बसलात तर आम्हाला दिसेल.