घंटेचा मनोरा आणि बायकोची बॅग

आमच्या शहरातली जुनी चर्चं आणि तत्त्वज्ञांचे कॅफे मला विचारा! गाइड-बिइड सगळे झक मारतात! म्हणून रविवारी बायकोला म्हटलं, "चल, आज तुला शहर दाखवतो!"

चक्क तयार झाली. फक्त भलीमोठी बॅग घेऊन निघाली. दुपारभर फिरायला एवढी बॅग कशाला, हे विचारायचं राहूनच गेलं. मी ती खांद्याला लावली आणि बोलायला सुरुवात केली.

पहिल्या चर्चमध्ये ती म्हणाली, "अहो, आधी कॅफेत बसू या का? मला बोलायचंय."

"कॅफे शेवटी! तिथे मोठमोठे तत्त्वज्ञ वाद घालत बसायचे. आधी हा घुमट बघ!"

दुसऱ्या चर्चमध्ये म्हणाली, "मी लेकीकडे राहायला जातेय. आजच. कायमची."

"हो हो, जाऊ की! पण ही रंगीत काच बघ!"

तिसऱ्या चर्चला घंटेचा मनोरा. "मी खालीच थांबते. बॅग तेवढी द्या," ती म्हणाली.

"असू दे गं, मला काय जड आहे?" म्हणत मी चढलोसुद्धा! वर धापा टाकत घंटेवर दणदणीत भाषण ठोकलं. ऐकायला कबुतरं होती. खाली उतरलो तर दाराला बाहेरून कुलूप! रखवालदार जेवायला गेलेला!

दार बडवलं. बोंबललो. शेवटी परत वर जाऊन घंटेचा दोर ओढला. चौकातल्या लोकांनी आपापली घड्याळं लावून घेतली! कुणी वर बघेल तर शपथ! एकटी बायको तेवढी रखवालदाराची बाही धरून, त्याला ओढत धावत येत होती. गुडघे दुखतात हो तिचे! माझे डोळेच भरून आले. म्हटलं, काही म्हणा, शेवटी बायको ती बायको!

दार उघडलं. मी हात पसरले.

"बॅग द्या आधी!" ती म्हणाली. "गाडी चुकेल माझी!"

"कसली गाडी?"

 तिने माझ्या खांद्यावरून बॅग काढून घेतली आणि स्टेशनकडे चालू लागली. 'थांब' म्हणायला हवं होतं, कळत होतं मला. तोंडातून निघालं ते एवढंच, "अगं, तिकडून लांब पडेल! डावीकडून जा!"

ती उजवीकडून गेली.

कॅफे समोरच होता. जाऊन बसलो. वेटरने विचारलं, "एकटेच?"

"इथे कोण कोण बसायचं, माहितीये?" म्हटलं, आणि सुरू झालो. बिचाऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पगार मिळतो त्याला त्याचा.